सरासरीत नसलेला प्रोटॉन

हा मजकूर भराभर वाचून संपवू नका. अधूनमधून मी थांबायला सांगेन, तिथे खरंच थांबा. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. आपल्याला जायचंय ते पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे ९० हजार किलोमीटरवर. तिथे डोळ्यांना दिसण्यासारखं काहीही नाही, तरी तिथे एक सीमा आहे. शास्त्रज्ञ तिला बो शॉक म्हणतात. आपण आघातसीमा म्हणू.

मनात एक प्रोटॉन घ्या. एकच. चार-साडेचार दिवसांपूर्वी तो सूर्यावरून निघाला. सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने त्याने जवळजवळ १५ कोटी किलोमीटर कापलेत. आणि एवढ्या वाटेत तो कशालाही धडकलेला नाही.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. आपल्या ओळखीच्या जगात असं कधीच घडत नाही. तुमच्या नाकासमोरच्या हवेतला प्रत्येक रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा शेजाऱ्यांवर आपटतो. आपटणं हाच त्याचा स्वभाव आहे. वारा, आवाज, दाब, ऊब, सगळं त्या आपटण्यातून येतं. सूर्यावरून वाहत येणाऱ्या कणांच्या या झोतात, म्हणजे सौर वाऱ्यात, मात्र एका घन सेंटीमीटरमध्ये जेमतेम पाच प्रोटॉन असतात. एका कणाची दुसऱ्याशी खरीखुरी टक्कर व्हायला जितका प्रवास व्हावा लागतो, तो साधारण सूर्य आणि पृथ्वी यांच्यातल्या अंतराएवढा भरतो. आपल्या प्रोटॉनला आजवर कुणाचा धक्का लागलेला नाही, असं खुशाल धरून चाला.

त्याच्या सोबतीला आहे ते एक क्षीण चुंबकीय क्षेत्र, सूर्यापासून ताणत आलेलं. सुमारे पाच नॅनोटेस्ला, म्हणजे आपल्या पायाखालच्या जमिनीवर पृथ्वीचं जे क्षेत्र असतं त्याच्या हजारो पटींनी दुबळं. पण या विरळ प्रांतात कणाचं कणाशी नातं जुळतं ते याच क्षेत्रातून आणि त्याच्या जोडीच्या विद्युत क्षेत्रातून. दुसरा धागाच नाही.

इथे थांबा. पाच कण, त्यांच्यामधली मोकळी जागा, आणि त्या जागेतून जाणारं क्षेत्र. एवढंच मनात राहू द्या.

आता समोर पृथ्वी आहे. तिच्या चुंबकावरणाची, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या अमलाखालच्या प्रदेशाची, सूर्याकडची कड साधारण ६५ हजार किलोमीटरवर. सौर वाऱ्याच्या दृष्टीने हा अडथळा आहे, आणि वाहत्या गोष्टीपुढे अडथळा आला की पुढच्यांची खबर लाटांमधून मागच्यांपर्यंत पोचते. नदीतल्या खडकाआधीच पाणी वळू लागतं ते त्यामुळे. सौर वाऱ्यात अशा लाटा सेकंदाला ५०-६० किलोमीटर जातात. वारा मात्र चारशेने येतोय. खबर घेऊन निघालेली लाट पुढे सरकायच्या ऐवजी मागेच ढकलली जाते. म्हणजे आपल्या प्रोटॉनला पृथ्वी येतेय हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि मग सगळं एकदम एका पातळ पट्ट्यात उरकावं लागतं. तो पट्टा म्हणजे आघातसीमा. तिच्या पुढच्या टोकाशी वाऱ्याचा वेग जवळजवळ चौथाईवर येतो, घनता आणि चुंबकीय क्षेत्र तीन-चार पटींनी वाढतं, आणि वारा पृथ्वीला वळसा घालू लागतो.

घरात हे पाहायचं असेल तर मोरीच्या सपाट फरशीवर नळाची बारीक धार सोडा. धार पडते तिथून पाणी पातळ, गुळगुळीत चकतीसारखं वेगाने पसरतं आणि ठरावीक अंतरावर एका कड्यापाशी अचानक जाड आणि मंद होतं. कड्याच्या आत पाणी स्वतःच्या लाटांपेक्षा जोरात धावतं, बाहेर हळू. आघातसीमेचं गणित याच्या फार जवळचं आहे. फरक एकच, आणि तोच मोठा. कड्यापाशी पाण्याचे रेणू एकमेकांवर आपटून आपला वेग उष्णतेत घालवतात. सौर वाऱ्यात आपटायला कुणी नाही. मग थांबवतं कोण?

हा प्रश्न मनात धरून जरा वेळ बसा. १९५०च्या दशकात मोठमोठे भौतिकशास्त्रज्ञ यापाशीच अडखळले होते. टक्कर नाही तर आघात कसला, असं म्हणणाऱ्यांची बाजू मुळीच पोकळ नव्हती. त्यावर पहिलं बोट ठेवलं थॉमस गोल्ड यांनी, १९५५ साली. चुंबकीय वादळाची सुरुवात जमिनीवरच्या वेधशाळांत कशी नोंदली जाते याकडे त्यांनी पाहिलं. आपल्या अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून अशा नोंदी होताहेत. त्यांत काही वादळांच्या आरंभी चुंबकीय क्षेत्राची रेघ अवघ्या काही मिनिटांत झपकन वर उडालेली दिसते. सूर्यापासून येणाऱ्या गोष्टीला वाटेत दोन-तीन दिवस लागतात; मग तिची पुढची कड एवढी तीक्ष्ण कशी राहिली? टकरींवर विसंबलेली कड कोट्यवधी किलोमीटर पसरली असती. तेव्हा टकरींविना टिकणारी पातळ सीमा अवकाशात असलीच पाहिजे, असं त्यांनी मांडलं. कागदावरच्या एका रेघेच्या चढावरून एवढं ओळखणं! मला या युक्तिवादाइतकं सुंदर फार थोडं ठाऊक आहे.

पृथ्वीसमोरही अशी सीमा असणार, हे १९६२ साली इयन ॲक्सफर्ड आणि पॉल केलॉग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सांगितलं. २७ नोव्हेंबर १९६३ला आयएमपी-१ हे यान सुटलं आणि त्यावरच्या नॉर्मन नेस यांच्या चुंबकत्वमापकाने ती नोंदवली. ती आहे हे पक्कं झालं. पण आहे म्हणजे नेमकं काय आहे, ते कळायला कण मोजावे लागणार होते.

आपल्या प्रोटॉनकडे परत येऊ. तो आता सीमेच्या तोंडाशी आहे. समोर काही दहा किलोमीटरांत, फार तर शंभरेक किलोमीटरांत, चुंबकीय क्षेत्र चढतं. इलेक्ट्रॉन हलके, प्रोटॉन त्यांच्या १८०० पटींहून जड. क्षेत्राच्या चढाला दोघे सारखे वागत नाहीत, आणि त्यामुळे चढावर एक विद्युत क्षेत्र तयार होतं. ते प्रोटॉनला मागे रेटतं. बहुतेक प्रोटॉन वेग गमावतात पण चढ पार करतात. काहींना तो पार होत नाही. शंभरातले वीसेकपर्यंत असे असू शकतात. ते आल्या दिशेने उलटे फिरतात.

आपला प्रोटॉन त्या उलट्या फिरलेल्यांतला आहे असं समजा. तो सूर्याकडे निघतो, पण फार लांब जात नाही. चुंबकीय क्षेत्र त्याची वाट वाकवतं. काहीशे किलोमीटरांचा वळसा घेऊन तो पुन्हा सीमेकडे येतो, आणि वळशात वाऱ्याच्या विद्युत क्षेत्राने त्याला ऊर्जा दिलेली असते. आता तो चढ ओलांडतो आणि पलीकडे मोठमोठ्या घिरट्या घालत पृथ्वीकडे सरकतो. सीमा ज्यांना परतवते तेच पुढे सर्वांत जास्त ऊर्जा घेऊन आत शिरतात. वाऱ्याच्या वेगाची ऊर्जा उष्णतेत बदलायचं काम टकरींच्या जागी हे परतलेले कण करतात.

थांबा इथे. चढाच्या अगदी अलीकडची जागा डोळ्यांपुढे आणा, जिथे पुढे जाणारे आणि परतलेले एकमेकांतून आरपार जाताहेत, न धडकता.

हिशोबापुरतं धरू की शंभरातले ऐंशी प्रोटॉन ४०० किलोमीटर वेगाने पृथ्वीकडे जाताहेत आणि वीस तितक्याच वेगाने उलट. खरं चित्र याहून गुंतागुंतीचं असतं, वळणारे कण आडवेही जातात, पण एवढं पुरे. सरासरी काढा. सेकंदाला २४० किलोमीटर, पृथ्वीच्या दिशेने. गणित बरोबर आहे. आणि २४०ने जाणारा एकही प्रोटॉन तिथे नाही. आता तापमान काढा. तापमान म्हणजे कणांचे वेग सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. ते सूत्र इथे या एका दिशेपुरतं लावलं तर कोटी केल्विनच्या वर उत्तर येतं, जरी दोन्ही गट आपापल्या परीने लाखभर अंशांचेच असले तरी. ही उष्णता म्हणायची का? माझ्या मते नाही, निदान अजून नाही. कारण हे दोन्ही झोत ओळखू येतात, त्यांची गती अजून विस्कटलेली नाही. पलीकडे घिरट्या घेता घेता, लाटा उठता उठता ते एकमेकांत मिसळतील, कुठला कुठून आला हे सांगता येईनासं होईल, तेव्हा त्याला उष्णता म्हणता येईल. आघातसीमेपाशी काय मोजायचं, हा सगळा प्रश्न मला या एका जागेत दिसतो. वेगाचा आकडा आणि तापमानाचा आकडा दोन्ही निर्दोष असू शकतात आणि तरीही त्यांत आपला प्रोटॉन कुठेच नसतो.

म्हणून मोजणी एकेका कणापासून करावी लागते. ती कशी होते ते जवळून पाहू.

एकात एक बसवलेले धातूचे दोन अर्धगोल मनात आणा, मध्ये काही मिलिमीटरांची वाकडी फट. दोन्हींमध्ये विद्युत दाब दिलेला. फटीच्या तोंडातून प्रोटॉन आत येतो. दाबामुळे त्याची वाट वाकते. त्याची ऊर्जा जास्त असेल तर तो पुरेसा वळत नाही, बाहेरच्या भिंतीवर जातो; कमी असेल तर जास्त वळून आतल्या भिंतीवर. नेमक्या ऊर्जेचाच कण फटीच्या वळणासारखा वळत शेवटपर्यंत पोचतो. तिथे काचेची पातळ चकती असते, सूक्ष्म छिद्रांनी भरलेली. कण छिद्रात शिरून भिंतीला लागतो, भिंतीतून इलेक्ट्रॉन सुटतात, ते पुढे आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात, आणि दुसऱ्या टोकाला लाखो इलेक्ट्रॉनांचा ठोका उमटतो. एक ठोका, एक कण. मग दाब बदलायचा, दुसरी ऊर्जा, पुन्हा बदलायचा. असं सगळ्या ऊर्जांमधून आणि सगळ्या दिशांमधून फिरायचं.

४०० किलोमीटर वेगाचा प्रोटॉन या फटीत ८००हून थोड्या अधिक इलेक्ट्रॉनव्होल्टला दिसतो. त्याच वेगाने येणारा अल्फा कण, म्हणजे हेलियमचं केंद्रक, चौपट जड पण विद्युतभार दुप्पट, म्हणून बरोबर दुप्पट जागी. सौर वाऱ्याच्या आलेखात ही दोन शिखरं शेजारीशेजारी उभी असतात, मोठं प्रोटॉनांचं, धाकटं अल्फांचं. सीमेपाशी त्यांची फारकत होते. तोच विद्युत चढ अल्फांना प्रोटॉनांइतकं मंद करू शकत नाही, त्यामुळे चढ ओलांडल्यावर अल्फा काही काळ प्रोटॉनांच्या पुढे धावतात. दोघांना एकत्र मोजणाऱ्या उपकरणाला हेच कुठेतरी उष्णता म्हणून दिसेल. आणि सौर वाऱ्याचा झोत दिशेने इतका अरुंद असतो की दिशांचे कप्पे रुंद असलेल्या उपकरणात तो एखाद-दुसऱ्या कप्प्यातच मावून जातो; तिथेही आकडे जपून वापरावे लागतात.

पण याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. सीमा एका जागी राहत नाही. सौर वारा जरा बदलला की ती सेकंदाला कित्येक किलोमीटर, कधी त्याच्या दसपट वेगाने मागेपुढे होते. यान त्या मानाने सावकाश चालतं; सीमाच त्याच्यावरून येते आणि जाते, कधी एका फेरीत अनेकदा. यानाला कळतं ते एवढंच की क्षेत्र अमुक सेकंदांत वाढलं. पातळ सीमा हळू गेली की जाड सीमा वेगाने गेली, हे एकट्या यानाला सांगता येत नाही. दोन्हींची नोंद सारखीच.

याला उपाय चार यानांचा. चौघांनी सीमा ओलांडल्याच्या चार वेळा हाती आल्या की त्यांतून तीन फरक मिळतात, आणि सपाट सीमेची दिशा आणि वेग ठरवायला नेमके तीनच आकडे लागतात. तीन यानं पुरत नाहीत. युरोपीय अवकाश संस्थेची क्लस्टर मोहीम याच विचारातून उभी राहिली. ४ जून १९९६ला एरियन-५ अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत फुटला आणि चारही यानं फ्रेंच गयानाच्या दलदलीत पडली. वर्षानुवर्षांचं काम. लोक पुन्हा कामाला बसले, यानं पुन्हा बांधली, आणि २०००च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये बैकोनूरहून दोन-दोन करून ती वर गेली. त्यानंतर वीस वर्षांहून जास्त ती मोजत राहिली.

क्लस्टरचं यान चार सेकंदांत एक गिरकी घ्यायचं, आणि कणांचं सर्व दिशांचं एक पूर्ण चित्र यायला एक गिरकी लागायची. एवढ्यात सीमा कित्येकदा निघूनही जायची. अलीकडे काय, पलीकडे काय, ते दिसे. चढावर घडतं ते निसटे. १२ मार्च २०१५ला सुटलेल्या नासाच्या एमएमएस मोहिमेने हे अंतर भरून काढलं. तिच्या प्रत्येक यानावर चारी बाजूंना कणमापकं बसवलेली आहेत, चारही यानांची मिळून चौसष्ट, म्हणजे गिरकीची वाट पाहायला नको. प्रोटॉनांचं पूर्ण चित्र सेकंदाच्या साधारण सातव्या भागात, इलेक्ट्रॉनांचं तेहतिसाव्या भागात. चार यानं कधी एकमेकांपासून सातेक किलोमीटर इतकी जवळ आणली गेली. चढाच्या पोटात प्रोटॉनांचे दोन गट वेगळे होताना, परतणारे वळताना, हे सगळं टप्प्याटप्प्याने दिसू लागलं. इतक्या बारकाईने टिपलेली सगळी माहिती पृथ्वीवर पाठवता येत नाही; म्हणून कुणीतरी शास्त्रज्ञ रोज नोंदी चाळतो आणि कुठले क्षण ठेवायचे ते ठरवतो. बाकीचे पुसले जातात.

आतापर्यंत आपण सीमेच्या त्या भागात होतो जिथे चुंबकीय क्षेत्र सीमेला समांतर असतं. पृथ्वीच्या सकाळच्या बाजूला बहुधा तसं नसतं; तिथे क्षेत्ररेषा सीमेत घुसतात. परतलेल्या प्रोटॉनला वळवणारं कुणी नाही, रेषेरेषेने तो सूर्याच्या दिशेला दूरवर निघून जातो. समोरून येणाऱ्या वाऱ्यातून जाताना त्याच्यासारखे अनेक मिळून लाटा उठवतात, अर्ध्या मिनिटाच्या आसपासच्या लयीच्या. वारा त्या लाटांना परत पृथ्वीकडे लोटतो, त्या सीमेवर येऊन तिचाच भाग होतात. सीमा तिथे एक रेघ राहत नाही, विस्कटते, पुन्हा जमते. मघाशी मी म्हटलं की पृथ्वीची खबर वाऱ्याला आधी कळत नाही. लाटांपुरतं ते खरं. इथे मात्र खबर जाते, आणि घेऊन जातात ते जाऊन परत आलेले.

याच्यावर थोडा वेळ राहा. घाई नाही.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात पृथ्वीसमोर एक ठसठशीत कमान काढलेली असते. त्या चित्राने आपलं बरंच नुकसान केलंय असं मला वाटतं. सीमा म्हणजे वस्तू, असा समज त्यातून पक्का होतो. १९९९च्या मे महिन्यात, १० तारखेपासून दोनेक दिवस, सौर वाऱ्याची घनता नेहमीच्या मानाने दोनेक टक्क्यांवर आली. दाब नाहीसा झाल्यासारखा झाला, आणि आघातसीमा ९० हजार किलोमीटरवरून फुगत फुगत चंद्राच्या कक्षेपर्यंत गेली. मग वारा पूर्ववत झाला आणि ती परतली. वाहणारे आणि परतणारे यांच्या तोलाला आपण सीमा म्हणतो, इतकंच.

आज पृथ्वीच्या अलीकडे, १५ लाख किलोमीटरवर, आपलं आदित्य-एल१ आहे. ६ जानेवारी २०२४ला ते तिथल्या कक्षेत पोचलं. त्यावरचं अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं ॲस्पेक्स हे उपकरण प्रोटॉन आणि अल्फा वेगवेगळे मोजतं. तिथून निघालेला वारा तासाभराने आघातसीमेवर येतो. सीमेपाशी येण्याआधी कण कसे होते, हे ठाऊक असल्याशिवाय सीमेने त्यांचं काय केलं हे ठरवता येत नाही. ती आधीची नोंद आता आपल्या हाती आहे.

एमएमएसच्या नोंदी नासाने सर्वांसाठी खुल्या ठेवल्यात, आदित्यच्या इस्रोने. तुम्ही भौतिकशास्त्र शिकत असाल किंवा शिकवत असाल, तर आघातसीमा ओलांडल्याचा एक आलेख जरूर उघडा. सौर वाऱ्याचा बारीक पट्टा सरळ चाललेला दिसेल, आणि क्षेत्र चढायच्या थोडं आधी त्याच्यापासून वेगळा उमटलेला दुसरा, फिकट पट्टा. ते परतलेले प्रोटॉन. वेगाचा आणि तापमानाचा आकडा त्याच आलेखात खाली छापलेला असतो. तो नंतर वाचा.